पहिल्या फेरीत कुणी काय सोडलं

१

कपाटात एकोणीसशे अठ्ठावीस सालची वही नव्हती.

सत्तावीसची होती, एकोणतीसची होती, आणि दोन्हींच्या मधे दोन बोटं मावतील एवढी फट होती. हयवदन त्या फटीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा बघितलं. फट तेवढीच राहिली.

"कुणी नेलीये का?" त्यांनी विचारलं.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. १९६४ सालच्या जानेवारीतला रविवार, दुपारचे तीन. बंगलोरच्या जयनगरात त्या वेळी घरं थोडी आणि मोकळे प्लॉट फार. खिडकीबाहेर नुसतं ऊन आणि वाळलेलं गवत पसरलेलं असायचं. त्या दुपारी तर वाटत होतं की आपण कुणाच्या तरी झोपेतच बसलो आहोत. मी फासे हातात धरून बसलो होतो आणि ते खाली ठेवायचंही मला सुचेना.

हंबीररावांनी उठून पडवीचं दार हळूच लोटलं. "स्वल्प हळू बोला. अण्णा जागे असतील."

अण्णा म्हणजे येसाजीअण्णा, हंबीररावांचे सासरे. वय एकोणऐंशी, दृष्टी गेलेली. दिवाणसाहेब ढालीच्या क्रिकेट सामन्यांचे ते चाळीस वर्षं स्कोअरर होते आणि दर वर्षाची एक अशा चाळीस वह्या त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका आला. तेव्हापासून ते पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसून असायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, कसलाही धक्का द्यायचा नाही. आणि त्या वह्यांपैकी एक हरवली यापेक्षा मोठा धक्का त्यांना दुसरा कुठला असणार?

संक्रांतीची साफसफाई म्हणून गेल्याच शनिवारी मथुराअक्कांनी, म्हणजे अण्णांच्या लेकीनं, हंबीररावांच्या बायकोनं, वह्या उन्हात घातल्या होत्या. तेव्हा मोजून चाळीसच्या चाळीस होत्या. म्हणजे वही गेली ती या आठ दिवसांत. कपाटाची किल्ली घड्याळाखालच्या खिळ्याला असायची आणि ती आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होती.

"पुढच्या सोमवारी माझं ढालीच्या सामन्यांचं पुस्तक छापायला जातंय," हयवदन म्हणाले. "ती वही मिळाली नाही, तर अण्णांच्या सगळ्याच वह्या मला पुस्तकातून गाळाव्या लागतील. आणि त्यांचं नावही."

"एका वहीपायी चाळीस गाळणार?" दामोदर ओरडलाच.

हयवदन खाली बघत म्हणाले, "अठ्ठावीस सालचे आकडे खोटे आहेत, दामोदर. आणि ते अण्णांनी जाणूनबुजून खोटे लिहिलेत, असं मला वाटतं."

२

आता हा खेळ काय होता ते सांगतो, नाहीतर चार संसारी माणसं रविवारी दार लोटून काय करत होती, असं तुम्हाला वाटायचं.

मी विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. दामोदर माझ्याच खात्यात, मूळचा पुण्याचा, आवाज कायम टिपेला. १९५९ मध्ये आमच्याकडे एक अमेरिकन इंजिनियर आला होता. जाताना तो एक खोका मागे ठेवून गेला. त्यात बेसबॉलचा खेळ होता. जुन्या, बऱ्याचशा मेलेल्या खेळाडूंची कार्डं, प्रत्येक कार्डावर आकडे, दोन फासे. फासे टाकायचे, कार्ड बघायचं, आणि तीस वर्षांपूर्वीचा माणूस पुन्हा धावायला लागायचा. हंगामाच्या आधी सगळे भिडू पाळीपाळीनं एकेक खेळाडू निवडून आपापला संघ बांधायचे. बेसबॉल आम्हाला ओ की ठो कळला नाही, पण ही निवड मात्र डोक्यात बसली.

हयवदन संशोधन संस्थेत गणिती होते. त्यांच्याकडे तो खोका नेला, तर महिन्याभरात त्यांनी त्याचं क्रिकेट करून दिलं. खेळाडू कुठले घ्यायचे? हंबीररावांच्या सासऱ्यांच्या कपाटात बंगलोरचं चाळीस वर्षांचं क्रिकेट पडलेलं होतंच. प्रत्येक खेळाडूचं उत्तम वर्ष घेऊन हयवदननी कार्डं बनवली. असे आमचे चार संघ, दर रविवारी सामने, दर जानेवारीत सगळी कार्डं परत करून नव्यानं निवड.

निवडीत पहिली फेरीच खरी. पहिल्या फेरीतला गडी चुकला तर वर्ष गेलं. आणि पहिल्या फेरीचं परीक्षण लिहायचं काम माझ्याकडे. कुणी कुणाला घेतलं, शहाणपण केलं की माती खाल्ली, दहापैकी गुण किती, हे मी आठवडाभर खपून लिहायचो आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवायचो. अण्णांना ते ऐकायला फार आवडे. त्यासाठी ते खुर्ची आत आणवून घेत.

या वर्षीची पहिली फेरी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी झाली. हयवदन दरवर्षी एक किंमत-यादी टाइप करून आणत, कार्बनच्या प्रतीसकट, सगळ्यांसाठी. यादीत पहिलं नाव पाचही वर्षं एकच होतं, विठोजी. डावखुरा, संथ गोलंदाज, अण्णांचा धाकटा भाऊ, वारला त्यालाही वीस वर्षं झाली. अठ्ठावीस साली त्यानं एकशे ऐंशी ओव्हरमध्ये साठ बळी घेतले होते. दर अठरा चेंडूंना एक. अशी गोलंदाजी या गावात कुणी केली नव्हती. १९६२ च्या डिसेंबरात हयवदननी क्लबच्या हॉलमध्ये 'बंगलोरचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज' असं व्याख्यानच दिलं होतं. त्यांच्या संस्थेचे डायरेक्टर पहिल्या रांगेत होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला.

चिठ्ठ्या टाकल्या. हंबीरराव पहिले, हयवदन दुसरे, दामोदर तिसरा, मी शेवटी.

हंबीररावांनी यादीतला दुसरा, मुनिस्वामी नावाचा फलंदाज घेतला. हयवदननी यादीतला तिसरा, यष्टिरक्षक कृष्णय्या घेतला. आणि दामोदर उडालाच! "विठोजी! अरे, विठोजी सोडला लेको तुम्ही!" त्यानं तिथल्या तिथे फासे घेऊन विठोजीची एक ओव्हर टाकूनही बघितली.

ओव्हर संपली तसा पडवीतून अण्णांचा झोपाळू आवाज आला, "दोन राहिलेत."

गेलं वर्षभर ते असं म्हणायचे. विठोजी माझ्या संघात होता, आणि त्याची ओव्हर संपली की पडवीतून हे दोन शब्द हमखास यायचे. आम्ही हसून सोडून द्यायचो. म्हातारं माणूस, अर्धं इथे, अर्धं कुठे कुठे.

३

घरी आलो तो रागातच. नीरजा, माझी बायको, पाटावर बसून एकटीच पत्ते लावत होती. तिला क्रिकेटचं काडीचं प्रेम नाही. पत्त्यांत मात्र ती आमच्या सगळ्या आळीला रडवते.

मी सगळं सांगितलं. हयवदनचं म्हणणं सरळ होतं. विठोजीच्या बाकीच्या कुठल्याही वर्षी त्याला बळी मिळायला चोवीस-पंचवीस चेंडू लागलेत. फक्त अठ्ठावीस साली अठरा. हे कसं? भावानं भावासाठी वहीत बळी वाढवले. गुरुवारी पुस्तकाची प्रुफं तपासताना हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं म्हणे. वही उघडून खात्री करावी म्हणून आज कपाट उघडलं, तर वहीच गायब.

"आणि वही कुणी दडवली म्हणतायत?"

"तोंडानं नाही म्हणाले, पण बघत होते हंबीररावांकडे. शेवटी बोललेच. 'निवडीत पहिली पाळी असून तुम्ही विठोजी सोडलात. तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच ना?' हंबीररावांनी मान खाली घातली. मथुराअक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. माझ्यानं बघवेना तिकडे."

"मथुराअक्का काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'माझ्या अप्पानं एक चेंडू खोटा लिहिला असेल तर मी ते कपाट चुलीत घालते. पण त्यांना आत्ता काही सांगू नका. ते पुस्तकाची वाट बघत जीव धरून आहेत.'"

हे खरंच होतं. चाळीस वर्षं माणूस उन्हात बसून दुसऱ्यांच्या धावा लिहीत राहिला आणि त्याचं स्वतःचं नाव कुठेच छापलं गेलं नव्हतं. आता छापून येणार होतं. रोज सकाळी ते मथुराअक्कांना विचारायचे, पुस्तक आलं का. सात दिवसांत वही मिळाली नाही तर पुस्तक येणार होतं, आणि त्यात ते नसणार होते. एवढंच नाही, तर ते का नाहीत हे गावभर होणार होतं.

"तुमचं परीक्षण लिहून झालंय?" नीरजानं विचारलं.

"शुक्रवारीच झालं. पण आज वाचणार कोण आणि ऐकणार कोण?"

"आणा इकडे."

तिनं ते हातातले पत्ते खाली ठेवून वाचलं. हंबीररावांना मी दहापैकी दोन दिले होते, दामोदरला दहा, हयवदनना नऊ.

"यांना नऊ कशाबद्दल?"

"गणिती माणूस. यादीतला पहिला सोडून तिसरा घेतला म्हणजे काहीतरी खोल डाव असणारच. आदर म्हणून नऊ."

ती हसली नाही. "पत्त्यांत समोरचा काय उचलतो ते सगळेच बघतात," ती म्हणाली. "काय उचलत नाही ते बघायचं असतं." आणि परत पत्ते लावायला लागली.

४

बुधवारी दुपारी ती अण्णांकडे गेली. मथुराअक्कांकडून चिरोटे शिकायचे, असं निमित्त. ते चिरोटे पुढे कधी आमच्या घरी झाले नाहीत, हेही सांगून ठेवतो. तिथे काय झालं ते तिनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे होतो असं मला वाटतं.

पडवीत ऊन अण्णांच्या पायांपर्यंत आलं होतं. शेजारच्या प्लॉटमध्ये कुणाची तरी गाय चरत होती. अण्णा डोळे मिटून होते, पण जागे.

"कोण? उमाकांताची मंडळी? बा अम्मा, ये, बस."

"अण्णा, मला क्रिकेट शिकवाल?"

ते एवढे खूश झाले की त्यांना ठसका लागला. मग सावकाश बोलायला लागले. ढालीचं मैदान, सकाळचं धुकं, कडेची बुचाची झाडं. धुक्यामुळे सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक दिसायचा नाही, नुसती त्याची टोपी दिसायची. टोपी हलली की चेंडू तिकडे गेलाय असं समजायचं. अण्णा टेबलाशी बसायचे, चार पेन्सिली तासून. चहा यायचा तो तसाच निवून जायचा.

"दर चेंडूला एक ठिपका, अम्मा. धाव झाली तर आकडा. आपण मान खाली घातली आणि चेंडू चुकला, असं एकदाही झालं नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही."

"आणि विठोजी?"

अण्णांच्या चेहऱ्यावर ऊन आणखी थोडं वर सरकलं होतं. "विठू! तो धावत यायचा नाही, चालत यायचा. देवळात चालतात ना, तसा. चेंडू हातातून सुटला हेच फलंदाजाला कळायचं नाही."

"तुम्ही त्याची ओव्हर झाली की म्हणता, दोन राहिलेत. कोण दोन?"

अण्णांनी पाय उन्हातून मागे घेतले. मग त्यांनी हळू आवाजात काय ते सांगितलं. आतून मथुराअक्कांनी चिरोट्यांसाठी हाक मारली आणि नीरजा उठली.

संध्याकाळी मी कारखान्यातून आलो तर तिनं माझी जुनी परीक्षणं, चार वर्षांची, जमिनीवर पसरून ठेवली होती.

"वही कुणी घेतली ते मला कळलंय," ती म्हणाली. "तुम्ही त्याला दहापैकी नऊ दिलेत."

५

मी तिच्यावर चिडलो. हयवदन म्हणजे मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून वाट बदलणारा माणूस. आमच्या धाकटीला गणिताची भीती वाटायची, तर तिला शिकवायला हा गृहस्थ सहा महिने मल्लेश्वरमहून दोन बस बदलून यायचा.

"आणि आधी हंबीररावांकडे बघ ना! पहिली पाळी त्यांची होती. आधी विठोजी त्यांनी सोडलाय."

"हंबीररावांनी या वर्षी सोडला," नीरजा म्हणाली, "आणि साठ साली? आणि बासष्टला? तुम्हीच लिहिलंय बघा. साठ साली, 'हंबीररावांनी विठोजी हातचा घालवला, एक गुण.' बासष्टला, 'हंबीररावांनी पुन्हा तेच केलं, यांना खेळातून काढा.' ज्या ज्या वर्षी संधी आली, त्या त्या वर्षी त्यांनी सोडलाय. मी अक्कांना विचारलं. त्यांच्या घरात गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या नावानं फासे टाकत नाहीत. अक्कांनी शपथ घातलीये. बायकोच्या शपथेपायी खेळ घालवतो असं चौघांत सांगायची त्यांना लाज वाटते, म्हणून मान खाली."

"बरं. आणि हयवदन?"

"हयवदनरावांनी साठ, एकसष्ट, बासष्ट, तिन्ही वर्षं विठोजीच घेतला. गेल्या वर्षी तुमची पाळी आधी आली आणि तुम्ही घेतलात, तर तुम्हीच लिहिलंय, 'हयवदननी कॉफी घेतली नाही.' असा हा माणूस, स्वतः टाइप केलेली यादी समोर, तिच्यात पहिलं नाव विठोजी, आणि हात जातो तिसऱ्या नावावर. का?"

मी गेल्या वर्षीचं परीक्षण उचलून पुन्हा वाचलं.

"संशय कधी आला म्हणाले ते?" तिनं विचारलं.

"गुरुवारी. प्रुफं बघताना."

"आणि निवड झाली रविवारी! त्याच्या चार दिवस आधी. संशय गुरुवारी आला, तर रविवारी विठोजी का सोडला? त्यांना रविवारच्या आधीच ठाऊक होतं, अहो. ते कार्ड आठ दिवसांत निकामी होणार हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं, कारण ते निकामी करणारे तेच होते."

"पण काय ठाऊक होतं? अण्णांनी खोटं लिहिलं हेच ना?"

"तसं असतं तर वही लपवली कशाला असती? ती तर त्यांचा पुरावा झाली असती. वही त्यांनाच खोटं पाडते, म्हणून लपवली." मग अण्णा काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं. अठ्ठावीस साली ढालीच्या अध्यक्षपदी एक इंग्रज साहेब आला होता. ऑस्ट्रेलियात करतात म्हणून त्यानं एका हंगामापुरती ओव्हर आठ चेंडूंची केली. गोलंदाजांचे खांदे भरून आले, पुढच्या वर्षी पुन्हा सहा.

आमच्या सगळ्यांच्या हाडात ओव्हर म्हणजे सहा. हयवदननी वहीच्या शेवटचं गोषवाऱ्याचं पान घेतलं होतं. एकशे ऐंशी ओव्हर, साठ बळी. सहानं गुणून त्यांनी पुढे काम चालू केलं. आतल्या पानांवरचे ठिपके मोजायची गरज गणिती माणसाला वाटली नाही. बाकी खेळाडूंची उत्तम वर्षं दुसरी होती, त्यामुळे चूक एकट्या विठोजीच्या कार्डात राहिली. आठानं गुणा. दर चोवीस चेंडूंना एक बळी. विठोजी बाकीच्या वर्षांसारखाच, त्याही वर्षी.

"दोन राहिलेत, हे वर्षभर सगळ्यांनी ऐकलं," नीरजा म्हणाली. "पण हिशेब त्यांनी एकट्यानंच केला. वही उघडली असेल, ठिपके बघितले असतील. आणि मग डायरेक्टरांसमोरचं ते व्याख्यान आठवलं असेल. वही राहिली तर गणिती चुकला. वही गेली तर स्कोअरर खोटारडा."

मला हयवदनचा इतका राग आला की मी चपला घालायला लागलो. आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली, हे कबूल करतो. दडवादडवी करतानाही बिचाऱ्याला पहिल्या फेरीतला गडी फुकट घालवायचा नव्हता.

नीरजानं माझ्या चपला काढून घेतल्या. "रविवारी वाचायचं परीक्षण मी लिहिते. तुम्ही फक्त वाचा. आणि मधे आवाज चढवायचा नाही."

६

रविवारी अण्णांनी स्वतःच खुर्ची आत आणवली. मागच्या आठवड्यात परीक्षण का झालं नाही म्हणून ते रुसलेही होते. मथुराअक्का स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या. हयवदन कोपऱ्यात, मांडीवर कापडी पिशवी, चेहरा आठवडाभर झोपला नसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी पुस्तक छापखान्यात जाणार होतं.

मी वाचायला सुरुवात केली. हंबीररावांना आठ गुण, "कारण काही गोष्टी खेळाहून मोठ्या असतात, आणि त्यातली एक स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे." मथुराअक्का आत पळाल्या. दामोदरला दहा. मग कागद पलटला.

"हयवदनराव," मी वाचलं, "दुसरी पाळी असून त्यांनी विठोजी सोडला. याचं कारण फार मोठं आहे. अठ्ठावीस साली ओव्हर आठ चेंडूंची होती, हे त्यांच्या एकट्याच्या लक्षात आलं. म्हणजे विठोजीचं कार्ड चुकलं, आणि ते चुकवलं कार्ड करणाऱ्यानं. अण्णांच्या वहीत ठिपका न ठिपका बरोबर आहे. हे आपणच जाहीर करावं, आणि पुरावा म्हणून ते पान पुस्तकात छापावं, यासाठी हयवदनराव ती वही घेऊन गेले आहेत. स्वतःची चूक स्वतः सांगायला निघालेल्या माणसाला दहापैकी दहा."

बाहेर उन्हात एक टिटवी ओरडत गेली.

नीरजानं त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. त्यांनी फक्त 'हो' म्हणायचं होतं. हयवदननी पिशवीत हात घातला, वही काढली आणि ती अण्णांच्या मांडीवर ठेवली.

"वाचलं ते खरं आहे," ते म्हणाले. मग एकदम म्हणाले, "नाही. शेवटचं खरं नाही, अण्णा. मी वही दडवली होती. मी चुकलो हे कळू नये म्हणून, तुम्ही खोटं लिहिलंत असं मी या सगळ्यांना सांगितलं. रोज ही पिशवीत घालून हिंडतोय. परत ठेवायला आलो की इथे कुणीतरी असायचं, आणि घरी ठेवायची हिंमत व्हायची नाही."

हंबीरराव धावले, अण्णांच्या छातीला हात लावला. अण्णांनी तो हात बाजूला केला. त्यांनी वही उघडली. दिसत तर काहीच नव्हतं, तरी पानावरून बोटं फिरवत राहिले. पेन्सिल दाबून लिहायची सवय होती त्यांना, ठिपके बोटाला लागत असावेत.

"हयवदना," ते म्हणाले, "माझं ऐक. तू व्याख्यान दिलंस, त्याचा पेपर मथुरानं मला वाचून दाखवला. बंगलोरचा सर्वश्रेष्ठ. मला तेव्हाच कळलं की तू सहानं गुणलंस."

आता आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघायला लागलो.

"विठू चांगला होता. सर्वश्रेष्ठ नव्हता. मी रोज ठरवायचो, त्या पोराला बोलावून सांगू. आणि इथे बसून तुमच्या तोंडून त्याचं कौतुक ऐकायचो. फार गोड लागायचं रे. झोपेत असल्यासारखं दोन राहिलेत म्हणायचो, आणि कुणी विचारलं नाही की मनातून बरं वाटायचं. चाळीस वर्षं एक चेंडू चुकवला नाही, आणि म्हातारपणी हे गप्प बसलो. तुला मी काय बोलू?"

हयवदन त्यांच्या पायांशी बसून लहान पोरासारखे रडले. अण्णांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. वही मात्र मिटून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या छापायला जायचंय ना? बरोबर आकडा घाल. माझं नाव घाल. आणि विठूचं व्याख्यान तू मागे घेतलंस हेही घाल, तुझ्या नावानं."

सोमवारी पुस्तक गेलं. दोन महिन्यांनी आलं. पहिल्याच पानावर अण्णांचं नाव होतं आणि शेवटी हयवदनचं निवेदन, स्वच्छ, कुठेही अंग न चोरता लिहिलेलं. त्यांच्या संस्थेत काही दिवस त्यांची चेष्टा झाली. ती त्यांनी सोसली. आमच्या खेळात मात्र ते त्या वर्षी आले नाहीत, आम्ही बोलवायला गेलो तरी.

राहिला दामोदर. विठोजीचं नवं कार्ड झालं, अगदी साधारण. नियम काढून आम्ही त्याला म्हटलं, तुझी फसवणूक झालीये, पहिल्या फेरीतला गडी बदलून घे. त्यानं एकदा अण्णांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि कधी नाही ते हळू आवाजात म्हणाला, "राहू दे. मला हाच पाहिजे."

दामोदरचा संघ त्या वर्षी शेवटून पहिला आला. विठोजीनं अख्ख्या हंगामात अकरा बळी घेतले. प्रत्येक बळीला अण्णा खुर्चीत ताठ होऊन बसायचे आणि कुणाला बाद केलं ते विचारून घ्यायचे. वर्षाच्या शेवटी मी निवडीचं पुन्हा परीक्षण लिहिलं. आकड्यांप्रमाणे बघितलं तर दामोदरला दोन गुणसुद्धा जास्त झाले असते. मी दहा दिले, आणि नीरजानं ते वाचून खाली सही केली.